आधी तपास, मग सुई

जत तालुका क्षेत्रफळानं सांगली जिल्ह्यात सर्वांत मोठा. पाऊस मात्र वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. म्हैसाळ योजनेचं पाणी ज्या गावांत पोचलं तिथं ऊस आला, द्राक्षं आली, संकरित गाई आल्या. पण उमदी, संख, माडग्याळ अशा पूर्वेकडच्या गावांत शेतकऱ्याची भिस्त आजही पिकापेक्षा जितराबावर जास्त आहे. ज्वारी हातची गेली तरी चार शेळ्या विकून वर्ष निभावतं. लेकीचं लग्न, दवाखाना, सोसायटीचा हप्ता हे सगळं दावणीच्या आणि कळपाच्या जिवावर चालतं. उंच, लांब पायांची, बाकदार नाकाची माडग्याळ मेंढी याच मातीतली. यल्लमादेवीच्या यात्रेत खिलार खोंडांचा बाजार भरतो तोही इथंच. अशा भागात एक जनावर दगावणं म्हणजे घरातली ठेव बुडणं.

त्यामुळे जनावरानं वैरण सोडली की मालकाचा जीव टांगणीला लागतो आणि पहिला शब्द तोंडून येतो, ‘डॉक्टरसाहेब, एक सुई मारा.’ ही घाई समजण्यासारखी आहे. पण बहुतेक वेळा जनावर वाचतं किंवा जातं ते सुईच्या आधी काय झालं यावर. आजार कोणता, तो आला कुठून आणि बाकीच्या जनावरांचं काय, या तीन प्रश्नांची उत्तरं न शोधता दिलेली सुई एखादं जनावर वाचवील, कळप वाचवणार नाही. कळप, गोठा आणि गाव वाचतं ते तपासानं.

मालकाला बोलतं करावं लागतं

पशुवैद्यकाचं अर्धं निदान गोठ्याच्या दारातच होतं. वैरण कधी सोडली? रवंथ करतंय का? शेण पातळ की घट्ट? लघवीचा रंग कसा? वय किती? गाभण आहे का? एकच आजारी आहे की आणखी? गेल्या महिन्यात बाजारातून नवं जनावर आणलं का? काल चरायला कुठं गेली होती? लस कधी टोचली? जतच्या पूर्व भागात ही सगळी विचारपूस अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये होते. चांगला डॉक्टर दोन्ही भाषांत कान देतो.

यातला प्रत्येक प्रश्न काही रोगांना यादीतून बाहेर काढतो. थोराड बैल धडधाकट आहेत, पण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची, अंगानं चांगली भरलेली खोंडं-कालवडीच लंगडून मरतायत, असं मालक सांगतो तेव्हा डॉक्टरच्या मनात फऱ्या येतो. मांडीवरची किंवा फऱ्यावरची सूज दाबली की आत हवा भरल्यासारखा चुरचुर आवाज येतो. पाऊस सुरू झाला, म्हशीचा गळा सुजला, जीभ बाहेर आली आणि श्वासाची घरघर लांबून ऐकू येते, तो घटसर्प. लघवी लाल-काळपट आणि अंगावर गोचीड भरपूर, मग गोचिडांतून येणारा रक्तमूत्राचा आजार, म्हणजे बबेसिया. तोंडात फोड, खुरांत जखमा, लाळेची तार लोंबतेय आणि दोन-तीन दिवसांत सगळी दावण आजारी, तो लाळ्या-खुरकूत. भरल्या अंगाची गाय अचानक थरथरते, लंगडते, खाली बसते आणि तीन दिवसांत आपोआप उठते, तो तिवा.

लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून ‘कुणाला झालं, कुठं झालं, कधी झालं’ हे तीन धागे सोडायचे नसतात. मेंढपाळाला त्याच्या कळपातली मेंढी न् मेंढी ओळखू येते. कुठली कालपासून मागं राहते, कुठलीनं पाणी सोडलं, हे तो न बघता सांगतो. ही माहिती प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच मोलाची आहे.

अचानक मेलेलं जनावर आणि रक्ताचा एक थेंब

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे रात्री धडधाकट असलेलं जनावर सकाळी मेलेलं सापडतं. साप चावला, विषारी काही खाल्लं, वीज पडली, घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार अशी लांब यादी असते. त्यात एक नाव असं आहे की त्याच्यापायी पुढचं सगळं थांबवावं लागतं. ते म्हणजे काळपुळी, फाशी या नावानंही ओळखला जाणारा रोग.

मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट रक्त आलं असेल, ते गोठत नसेल, पोट झपाट्यानं फुगलं असेल आणि अंग ताठत नसेल, तर त्या जनावराला सुरी लावायची नाही. कातडं सोलायचं नाही. शवविच्छेदनही करायचं नाही. कारण काळपुळीचा जंतू शरीरात असतो तोवर साधा जंतू असतो. हवा लागली की तो स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. असे बीजाणू मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात आणि पुढं त्याच जागी चरणाऱ्या जनावराला गाठतात. हा रोग माणसालाही होतो. कातडं सोलणाऱ्याच्या हातावर काळी खपली धरणारी पुळी येते, रोगाचं नावच त्यावरून आहे.

मग निदान कसं करायचं? डॉक्टर हातमोजे घालून कानाच्या शिरेतून रक्ताचा फक्त एक थेंब घेतात. तो काचपट्टीच्या एका टोकाला ठेवायचा, दुसऱ्या काचपट्टीची कड तिरकी टेकवायची आणि एका ओढीत थेंब पातळ पसरायचा. काच वाळली की मिथिलीन ब्लूचा रंग चढवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या, टोकं सपाट असलेल्या काठ्या दिसल्या आणि त्यांच्याभोवती गुलाबीसर कवच दिसलं की शंका फिटली. त्याच रंगात दोन टोकं गडद आणि मधला भाग फिका असे बारीक जंतू दिसले तर तो घटसर्प. एका थेंबावर गावानं पुढं काय करायचं हे ठरतं: खोल खड्डा, चुना, जागेला कुंपण, आणि आसपासच्या कळपांना लस.

आधुनिक रोगशास्त्राचा पायाच मुळी या रोगानं घातला. १८७६ साली रॉबर्ट कॉख हा जर्मन डॉक्टर व्होल्स्टाइन नावाच्या लहान गावात सरकारी नोकरीत होता. घरातल्या खोलीत बसून त्यानं काळपुळीच्या जंतूचं सगळं जीवनचक्र उलगडलं आणि एक विशिष्ट जंतू एक विशिष्ट रोग घडवतो हे दाखवून दिलं. १८८१ साली फ्रान्समधल्या पुई-ल-फोर गावी लुई पाश्चरनं लोकांसमोर प्रयोग केला. निम्म्या मेंढ्यांना काळपुळीची लस टोचली, निम्म्यांना नाही, आणि मग सगळ्यांना रोगाचे जंतू टोचले. लस दिलेल्या मेंढ्या उभ्या राहिल्या, बाकीच्या मेल्या. लसीकरणावर जगाचा विश्वास बसला तो मेंढ्यांच्या कळपात.

कोवळी ज्वारी

सगळेच मृत्यू जंतूंमुळे होत नाहीत. जत हा ज्वारीचा मुलूख, आणि इथल्या शेतकऱ्यांना ‘किरळ लागणं’ पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पाऊस ओढ देतो, ज्वारीची वाढ खुंटते, किंवा कापणीनंतर खोडव्याला कोवळे फुटवे येतात. भुकेली गाय कुंपण ओलांडून त्यात शिरते आणि तासाभरात आडवी होते.

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं. जनावराच्या पोटात गेल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. हे विष रक्तातला प्राणवायू पेशींना वापरू देत नाही. फुप्फुसं चालू असतात, रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशी गुदमरतात. म्हणून अशा जनावराचं रक्त आणि डोळ्याची आतली त्वचा चमकदार लाल दिसते. हीच निदानाची खूण. जनावर धापा टाकतं, थरथरतं, तोंडाला फेस येतो, कोसळतं.

इथं वेळ फार थोडा असतो. पशुवैद्यक शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात आणि वेळेवर मिळालं तर आडवं झालेलं जनावर उठून उभं राहतं. पण त्याहून खात्रीचा उपाय मालकाच्या हातात आहे. पावसानं ताण दिलेली, गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी हिरवी खाऊ घालायची नाही. पीक फुलोऱ्यात आलं की विष कमी होतं, आणि नीट वाळवलेल्या कडब्यात धोका उरत नाही. हा एक नियम पाळला तर दरवर्षीचे कितीतरी मृत्यू टळतील.

दुष्काळाची आणखी एक बाजू आहे. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये या भागातली जनावरं चारा छावण्यांत नेऊन बांधावी लागली. छावणीत मुख्य वैरण असते ऊस आणि उसाचे वाढे. वाढ्यात ऑक्झालेट असतं आणि ते शरीरातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं. महिनोन्‌महिने वाढ्यावर राहिलेली गाय अशक्त होते, दूध आटतं, वेळेवर माजावर येत नाही. रोजच्या पाण्यात चुन्याची निवळी किंवा खनिज मिश्रण दिलं तर हा तोटा बराच भरून निघतो. शिवाय शेकडो जनावरं एका जागी बांधली की लाळ्या-खुरकूत पसरायला वेळ लागत नाही, म्हणून छावणीत येणाऱ्या प्रत्येक जनावराला दारातच लस हवी.

मेंढरांच्या कळपात

जतचा धनगर सुगी संपली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या बागायती गावांकडं निघतो. शेतात वाडा बसवायचा, लेंडीखताचे पैसे किंवा धान्य घ्यायचं, पुढच्या शेताकडं जायचं. पाऊस आला की परत. या फिरतीत मेंढ्यांना नवी कुरणं मिळतात आणि नवे रोगही.

पहिल्या पावसानंतर डोंगरउतारावर लुसलुशीत गवत उगवतं आणि कळपातली सगळ्यात तगडी कोकरं एकाएकी मरू लागतात. जी भरपूर खातात तीच मरतात, हे पाहून पूर्वी लोक नजर लागली म्हणायचे. कारण आतड्यात आहे. तिथं एरवी मोजकेच असणारे क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे जंतू अचानक मिळालेल्या कोवळ्या, पोषक चाऱ्यावर झपाट्यानं वाढतात आणि विष सोडतात. हाच आंत्रविषार. मेलेलं कोकरू उघडलं तर मूत्रपिंड लगद्यासारखं मऊ झालेलं दिसतं. खात्रीसाठी डॉक्टर लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्यानं बांधून, आतल्या द्रवासकट, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. उपचाराला अवधीच नसतो, म्हणून सगळा भर लसीवर. पहिल्यांदा टोचत असाल तर दोन ते तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन मात्रा, आणि त्या पाऊस पडायच्या आत.

दुसरा मोठा शत्रू पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. १९४२ साली आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये प्रथम ओळखला गेलेला हा रोग भारतात १९८७ साली तमिळनाडूत सापडला. भरपूर ताप, नाकाडोळ्यांतून घाण, हिरड्यांवर जखमा, मग हगवण आणि न्यूमोनिया. शेळ्यांना याचा फटका मेंढ्यांपेक्षा जास्त बसतो. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेनं विकसित केलेली लस एकदा दिली की तीन वर्षं संरक्षण देते. २०३० पर्यंत हा रोग जगातून हद्दपार करायचं उद्दिष्ट जागतिक संस्थांनी ठेवलं आहे.

तिसरा नीलजिव्हा. भारतातली त्याची पहिली नोंद १९६४ साली आपल्या महाराष्ट्रातूनच झाली. बारीक चिलटं चावून तो पसरतो, म्हणून पाऊसकाळात आणि त्यानंतर दिसतो. ओठ-तोंड सुजतं, जीभ कधी कधी निळसर पडते, खुराच्या वरची कड लाल होऊन मेंढी लंगडते.

आता मेंढपाळाची अडचण बघा. पीपीआरमध्ये तोंड येतं, नीलजिव्हेत तोंड येतं, लाळ्या-खुरकुतीतही तोंड येतं. तिघांची लस वेगळी, पसरण्याची रीत वेगळी. लाळ्या-खुरकूत असेल तर शेजारच्या गाईंना धोका. पीपीआर असेल तर गाईंना नाही, पण वस्तीवरच्या सगळ्या शेळ्यांना. नीलजिव्हा असेल तर आजारी मेंढी वेगळी बांधण्याइतकंच चिलटांपासून कळप वाचवणं महत्त्वाचं. म्हणून अंदाजावर न थांबता रक्त आणि नाकातला स्राव तपासणीला पाठवावा लागतो.

जंतांबाबत मात्र मेंढपाळाला प्रयोगशाळेची वाट पाहायची गरज नाही. पोटातला हिमाँकस हा जंत रक्त पितो. मेंढीची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच ओढून आतला रंग बघायचा. लालचुटूक असेल तर ठीक, फिका गुलाबी असेल तर सावध, पांढराफटक असेल तर लगेच औषध. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल तर उशीर झालेला आहे. दक्षिण आफ्रिकेत याच पद्धतीला पाच रंगांच्या तक्त्याचं रूप दिलं गेलं आणि जगभर ती वापरात आली. तिचा फायदा असा की गरज असलेल्या मेंढ्यांनाच औषध मिळतं. सरसकट सगळ्या कळपाला वारंवार तेच औषध पाजलं की जंत त्याला दाद देत नाहीत.

पुण्यात सुरू झालेली लढाई

आजच्या पिढीला बुळकांडी पाहून माहीत नाही, आणि हे फार मोठं यश आहे. गाई-म्हशींच्या या रोगानं एकेकाळी गावंच्या गावं बैलांविना ठेवली. बैल नाही म्हणजे पेरणी नाही. १८७१ साली इंग्रज सरकारच्या आयोगानं देशातल्या गुरांच्या साथींची पाहणी केली. पुढं ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात, सायन्स कॉलेजात, इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. अल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. जिवंत विषाणूंवर काम करायचं तर वस्तीपासून लांब, थंड जागा हवी, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली.

स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशभर बुळकांडीविरुद्ध लसीकरणाची मोहीम चालली. बर्फाच्या पेट्या सायकलवर, बैलगाडीत, पायी नेत कर्मचाऱ्यांनी वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. पण शेवटच्या टप्प्यात नुसती लस पुरली नाही. रोग कुठं लपलाय हे गावोगाव शोधावं लागलं. भारतात शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला, २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारं जग. देवीनंतर माणसानं समूळ संपवलेला हा दुसराच रोग. लस आणि शोध दोन्ही चिकाटीनं केले की रोग संपतो, याचा पुरावा आपल्याच गोठ्यांत आहे.

लम्पीनं घेतलेली परीक्षा

१९२९ साली आफ्रिकेतल्या झांबियात पहिल्यांदा दिसलेला लम्पी त्वचा रोग २०१९ मध्ये ओडिशात पोचला. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेनं त्याचं निदान पक्कं केलं. २०२० मध्ये तो गडचिरोलीत दिसला आणि २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरला. ताप, अंगभर गाठी, पायांना सूज, डोळ्यांतून पाणी, आणि लहान वासरांत मृत्यू. माश्या, डास आणि गोचीड तो पसरवतात.

राज्य सरकारनं त्या सप्टेंबरात जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद केली. बैलांच्या बाजारावर वर्षाचा हिशेब बसवणाऱ्या जत-आटपाडीच्या शेतकऱ्याला हा निर्णय जड गेला. ऊसतोडीला बैलगाड्या घेऊन निघायच्या बेतात असलेल्या मजुरांनाही गेला. पण विषाणू स्वतःच्या पायानं शंभर मैल जात नाही, तो जनावराबरोबर ट्रकमधून जातो. त्यामुळे हा निर्णय योग्यच होता. शेळ्यांच्या देवीची लस गोवंशाला या रोगापासून संरक्षण देते, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. ती लस राज्यातल्या सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशापैकी बहुतेकांना वर्ष संपेपर्यंत मोफत टोचण्यात आली. गाय दगावल्यास ३०,००० रुपये, बैल २५,००० आणि वासरू १६,००० अशी मदतही ठरली. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं खास लम्पीवरची लसही त्याच वर्षी तयार केली.

जतची एक अडचण या साथीनं ठळक केली. तालुक्याला कर्नाटकाची लांब सीमा आहे. विजयपूरच्या बाजारातून जनावर इकडं येतं, इकडचं तिकडं जातं. रोगाला राज्याची हद्द कळत नाही, म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत लसीकरण एकाच आठवड्यात व्हायला हवं.

नमुना पुढं कुठं जातो

गावात जिल्हा परिषदेचा किंवा राज्य शासनाचा पशुवैद्यकीय दवाखाना असतो. पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक तिथं पहिली तपासणी करतात. जिथं निदान अडतं तिथून रक्त, शेण, गाठीची खपली, नाकातला स्राव बर्फात घालून पुढं जातो. पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. पश्चिम भारतातल्या राज्यांसाठीची विभागीय रोगनिदान प्रयोगशाळाही तीच. शेजारीच पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत लसी तयार होतात. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. १९८८ पासून तिथं शिकून बाहेर पडलेले अनेक डॉक्टर दुष्काळी तालुक्यांत काम करत आहेत.

पण नमुन्याचा प्रवास लांबचा आहे. जत ते सांगली हेच अंतर ८०-९० किलोमीटर. एप्रिल-मेच्या उन्हात बर्फ वितळला की नमुना वाया जातो, आणि लसही. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. म्हणून लस टोचायला आलेल्या कर्मचाऱ्याच्या पेटीत बर्फ आहे का, हे विचारण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे. आणि जनावरं सकाळी गोठ्यातच बांधून ठेवणं, लस भरल्यावर त्या माणसाला उन्हात ताटकळत न ठेवणं, ही मालकाची जबाबदारी.

सुई कधी, कोणती, किती

निदान झालं की उपचार नेमका करता येतो. गोचीड तापात, म्हणजे थायलेरियात, बुपारव्हाकोन हे औषध वेळेवर दिलं तर संकरित गाय वाचते. तिथं नुसतं प्रतिजैविक देत बसलं तर चार दिवस जातात आणि गायही जाते. उलट लाळ्या-खुरकूत किंवा लम्पी विषाणूंमुळे होतात. प्रतिजैविकानं विषाणू मरत नाही. तिथं प्रतिजैविक लागतं ते जखमेत मागाहून शिरणाऱ्या जंतूंसाठी, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. खरी मदत होते ती मऊ चारा, स्वच्छ पाणी, तोंड-खूर पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य पाण्यानं धुणं, माश्या हाकलणं आणि विश्रांती, यांची. लाळ्या-खुरकुतीतून उठलेला बैल उन्हात धापा टाकतो. त्याला लगेच औताला जुंपलं तर तो कायमचा निकामी होतो.

अर्धवट दिलेल्या, मनानं आणलेल्या प्रतिजैविकांचा दुष्परिणाम एकट्या जनावरापुरता राहत नाही. जंतू त्या औषधांना सरावतात आणि मग तीच औषधं माणसांच्या दवाखान्यातही निकामी ठरतात. दगडीवर, म्हणजे कासदाहावर, उपचार चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या गाईचं दूध डेअरीला घालू नये. चार दिवसांचे पैसे बुडतात हे खरं, पण ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाणार असतं.

गोठ्यातून घरात

काही रोग गोठा ओलांडतात. गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडली आणि जार अडकली तर ब्रुसेलाची शंका घ्यावी. जार, गर्भ उघड्या हातानं उचलू नये. हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधावी, सगळं खोल पुरावं, चुना टाकावा. हा जंतू माणसात महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी घडवतो. दूध उकळूनच प्यावं. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच दिली जाणारी लस हा रोग रोखते.

आणखी एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. म्हैस सारखी हंबरते, लाळ गाळते, पाणी गिळता येत नाही. मालकाला वाटतं घशात काहीतरी अडकलं आणि तो तोंडात हात घालतो. ती पिसाळलेलं कुत्रं चावलेली म्हैस असू शकते. असं जनावर दिसलं की तोंडात हात अजिबात घालू नये. लाळ लागलीच असेल तर साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी.

पावसाच्या आत

गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं वेळापत्रक मोठं नाही. मे-जूनमध्ये गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्या, मेंढ्या-शेळ्यांना आंत्रविषार. लाळ्या-खुरकूत सहा महिन्यांच्या अंतरानं वर्षातून दोनदा. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे. लम्पी वर्षातून एकदा. पीपीआर तीन वर्षांतून एकदा. कालवडीला ब्रुसेला एकदाच. कानातला बारा अंकी बिल्ला काढू नका. त्या क्रमांकावर जनावराची लस आणि उपचार नोंदले जातात. बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा. गोचिडांसाठी गोठ्याच्या भेगा बुजवा, कारण गोचीड अंडी भेगांत घालते.

आणि दोन-चार जनावरं एकाच लक्षणानं आजारी पडली तर लपवू नका. गाव बदनाम होईल, बाजार बंद होईल या भीतीनं लपवलेला रोग आठ दिवसांत शेजारच्या दहा गावांत जातो. जनावरांतले संसर्गजन्य रोग रोखण्याचा २००९ चा कायदा मालकावर आणि ग्रामपंचायतीवर ही खबर देण्याची जबाबदारी टाकतो. जवळच्या दवाखान्याला कळवा किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करा.

शासनाकडं मागणीही स्पष्ट असावी. जतसारख्या पसरट तालुक्यात पशुवैद्यकाचं पद रिकामं राहिलं की त्या भागातली साथ उशिरा कळते, आणि साथीत उशीर म्हणजे मृत्यू. म्हणून ही पदं भरा, तालुक्याच्या ठिकाणी सूक्ष्मदर्शक आणि रंग असलेली छोटी प्रयोगशाळा कायम चालू ठेवा, आणि लस मे महिन्यातच गावात पोचवा. ग्रामसभेत हा विषय शेतकऱ्यांनीच मांडायला हवा. पाऊस पडल्यावर मागितलेली लस त्या वर्षीच्या कोकरांच्या कामी येत नाही.